औटकी आणि प्रेसिडेंटबाईंची पैज

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं पटायला जड जाणार नाही. इथं अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात, मी पाढे म्हणायला लागलो की विमानतळावर उतरणारी विमानं दोन-दोन घिरट्या जास्त घालतात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी. पण आजवर कुणी ते खोडून काढलेलं नाही.

तीस वर्षं एका औषध कंपनीतली यंत्रं सांभाळली, निवृत्त झालो, आणि बायकोला दिवसभर घरात नकोसा झालो म्हणून मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी पाढे शिकवायला लागलो. बे ते तीस काय, कुणीही शिकवेल. माझा माल वेगळा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, असे अपूर्णांकांचे पाढे, आणि त्या सगळ्यांची पट्टराणी म्हणजे औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा झोपेतही बिनचूक म्हणणारा माणूस अख्ख्या उत्तर अमेरिकेत एकच उरला आहे, आणि तो दर रविवारी दुपारी तीन वाजता फुकटात मिळतो. हे पाढे मला मिळाले कराडला, माझ्या मामाच्या गुळाच्या अडतीवर. मामा गुळाच्या ढेपेवर थाप मारायचा आणि आम्ही भाचे ओरडायचो. चुकलं की पुढची थाप ढेपेवर पडत नसे.

शाळा भरते एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. चर्च कृष्णवर्णीय मंडळींचं, चार पिढ्यांचं जुनं. सकाळी त्यांची प्रार्थना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि दोनच्या पुढे हॉल आमचा. पीच घालून भाजलेल्या त्यांच्या गोड पदार्थाचा वास तिथं संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. त्यामुळे आमच्या मुलांना बाराखडी म्हटली की भूक लागते. काहीतरी लागतं, हेही नसे थोडके.

तर त्या रविवारी मी दिडकी घेत होतो. दीड त्रिक साडेचार, दीड चोक सहा. सतरा मुलं माझ्यामागून ओरडत होती, आईबाप मागच्या खुर्च्यांवर फोनमध्ये तोंड खुपसून बसले होते. आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक बाई जेवणाच्या टेबलांचे पाय दुमडून ती भिंतीला लावत होत्या. उंच, पांढरे बारीक कापलेले केस, कमरेला एप्रन. एक टेबल अर्धं दुमडून त्या थांबल्या आणि ऐकायला लागल्या.

मी त्यांना तत्काळ ओळखलं. न ओळखायला काय झालं? त्यांच्या विद्यापीठाच्या जाहिरातीचा फलक हायवेवर आहे, आणि त्यावर त्यांचा चेहरा माझ्या गॅरेजएवढा आहे. विद्यापीठाच्या प्रेसिडेंट, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूच म्हणा! शाळेत कुठल्या रंगाच्या मुलाला कुठल्या वर्गात बसवतात, हुशारांच्या गणिताच्या वर्गाची यादी कोण करतं आणि त्या यादीतून कोण गळतं, यावर उभं आयुष्य घातलेली विदुषी. पण त्या लहानपणापासून याच चर्चच्या. आणि तिथला नियम असा, की टेबलं आवरायची पाळी लागते आणि पाळीला हुद्दा कळत नाही.

आता असला श्रोता समोर उभा राहिल्यावर माझ्यासारख्यानं काय करावं? मी दिडकी तिथंच सोडली आणि थेट औटकीवर उडी घेतली. अशी काही म्हटली, अशी काही म्हटली, की वरच्या मजल्यावरच्या ऑर्गनचे दोन-तीन सूर आपोआप वाजले. आईबापांनी फोनमधून माना वर काढल्या, ही तर त्याहून मोठी गोष्ट.

वर्ग सुटल्यावर त्या जवळ आल्या. आमचं बोलणं इंग्रजीतच झालं, पण माझं इंग्रजी मराठीत बरं दिसतं, म्हणून मराठीत देतो.

"हे काय चाललं होतं?"

मी सांगितलं. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं होतं, मी चाळीस घेतली.

"आणि एवढीशी मुलं हे तोंडी करतात?"

इथं मी फक्त "हो" म्हणायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही, आणि माझ्या जिभेला तर लगामही नाही. "त्याचं काय आहे मॅडम," मी म्हणालो, "गणित आमच्या रक्तातच आहे."

नुसतं बोलून थांबलो असतो तरी भागलं असतं. मंडळाच्या वार्षिक अंकात याच मथळ्याचा माझा सात पानी लेख नुकताच छापून आला होता, आणि अंक पिशवीतच होता. तो काढून दाखवला. त्यांना मराठी कुठलं वाचता येणार? पण त्यात मी काढलेली एक आकृती होती. शून्याच्या शोधापासून एक रेघ निघत होती ती सरळ माझ्या फोटोपाशी येऊन थांबत होती.

त्यांनी एप्रनला हात पुसले. रेघेवरून बोट फिरवत फोटोपर्यंत आल्या. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठला ब्लड ग्रुप?"

"काय?"

"गणित कुठल्या ग्रुपमध्ये असतं? मी ओ पॉझिटिव्ह आहे. मला काही आशा?"

मी हसलो, पण जरा उशिरा.

"तीस वर्षं मी शाळांची दप्तरं वाचतेय, मास्तर," त्या म्हणाल्या. मुलं मला मास्तरकाका म्हणतात ते त्यांनी ऐकलं होतं. त्यातलं काका त्यांनी गाळलं, कारण वयानं आम्ही बरोबरीचे. "कुठलं मूल कुठल्या वर्गात आणि का, एवढंच शोधते. कागदांत शिक्षकांच्या शिफारशी सापडल्या, आईबापांच्या ओळखीपाळखी सापडल्या, एकदा तर कुणाच्या तरी सँडविचचा वाळलेला तुकडा सापडला. रक्ताचा रिपोर्ट काही सापडला नाही बाई अजून."

यानंतर पैज कुणी लावली याबद्दल मतभेद आहेत. त्या म्हणतात मी लावली. मी म्हणतो माझ्या तोंडून निघाली, पण लावली त्यांनीच. पैज अशी: चर्चमधली दहा मुलं, दहा रविवार, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांचा आमच्या दहांशी तोंडी सामना. मी हरलो तर त्याच स्टेजवरून, माइकवर, सगळ्या मंडळासमोर लेख मागे घ्यायचा. त्या हरल्या तर त्यांनी आपला तीनशे पानांचा प्रबंध सगळ्यांसमोर फाडायचा आणि त्याच कागदांच्या पुड्या बांधून तिळगूळ वाटायचा.

"दहा कशाला, पाच रविवार पुरेत!" मी छाती काढून म्हणालो. "पण त्या मुलांना शिकवणार कोण?"

"साडेतीनाचा पाढा येणारा माणूस उत्तर अमेरिकेत एकच आहे, असं आत्ताच कुणीतरी मला सांगत होतं," प्रेसिडेंटबाई म्हणाल्या आणि उरलेलं टेबल दुमडायला निघून गेल्या.

घरी येऊन मी हे बायकोला अशा थाटात सांगितलं, जणू किल्ला जिंकून आलो. ती कोथिंबीर निवडत होती.

"म्हणजे त्या मुलांना तुम्हीच शिकवणार?"

"मग!"

"ती जिंकली तर तुम्ही पैज हरलात. ती हरली तर तुम्हाला शिकवता येत नाही." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "अहो, मी टाळ्या नक्की कधी वाजवायच्या, तेवढं लिहून ठेवा."

त्या क्षणापर्यंत, देवाशपथ, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गणित रक्तात असलेला माणूस मी!

मंडळाच्या अध्यक्षांना मात्र काही चिंता नव्हती. हे पुण्याचे, आयटीतले, आणि इअरबड कानातून न काढता स्वतःच्या आईशीही बोलू शकणारे गृहस्थ. "काका, डोंट वरी यार," ते मला म्हणाले, की फोनवर आणखी कुणाला, कोण जाणे. "वन साइडेड मॅच आहे. आपल्या मुलांच्या एक्स्ट्रा प्रॅक्टिस मी कॅन्सल केल्यात. उगाच सगळ्यांचा वीकेंड जातो." माझा लेख त्यांना फारच आवडला होता. एकदा गणित रक्तातच आहे म्हटल्यावर पाठांतर कशाला?

मग सुरुवात झाली. तीन ते साडेतीन आमची मुलं, साडेतीन ते चार चर्चची. ही दहा मुलं आठ ते बारा वर्षांची. पहिल्या दिवशी माझ्या पहिल्याच आरोळीला त्यातला एक टेबलाखाली गेला. पण अर्ध्या तासात तो बाहेर आला, आणि त्यानं उलट दिलेल्या आरोळीनं मी टेबलाखाली जायचा बाकी राहिलो. त्यांना मराठी शब्द परके, पण खेळण्यासारखे वाटायचे. दीड, पाऊण, सव्वा. आमच्या मुलांना मी बोलावलं की ती विचारत, "काका, डू वी हॅव टू?" ही मुलं चार वाजून गेले तरी हलत नसत. त्यांच्या आया गाडीचे हॉर्न वाजवत, आणि हॉर्नच्या तालावर ही दिडकी म्हणत.

त्यांत एक अकरा वर्षांची मुलगी होती. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि ती तो एका बोटानं वर ढकलायची. ती पाठ कमी करायची आणि विचारायची फार. "अडीचचा पाढा आहे, मग पावणेतीनचा का नाही?" मी म्हणालो, "नसतो." पुढच्या रविवारी ती पावणेतीनचा पाढा स्वतः करून घेऊन आली. मी तो तपासायच्या निमित्तानं दाराबाहेर गेलो आणि बोटांवर पडताळून पाहिला. बरोबर होता. प्रेसिडेंटबाईंनी मला सांगितलं की हिच्या शाळेनं हिला गणिताच्या साध्या वर्गात ठेवलंय, वरच्या वर्गासाठी तिची शिफारसच केलेली नाही.

सहावा रविवार आला तेव्हा या पोरांच्या दिडकी, सवायकी, पाऊणकी आणि अडीचकी पार पक्क्या झाल्या होत्या. मला डोळ्यांसमोर स्टेज दिसायचं, माइक दिसायचा, आणि पहिल्या रांगेत माझे सगळे वाचक. आता जे केलं ते सांगतो. एवढा वेळ मी वाढवून सांगत आलो, हे मात्र जेवढ्यास तेवढं सांगतो.

मी औटकी गाळली.

"झालं सगळं," मी म्हणालो. "आता नुसती उजळणी."

चष्मेवालीनं हात वर केला. "मास्तरकाका, साडेतीनचं राहिलं."

"ते... ते काही महत्त्वाचं नाही."

"आधीच्या वर्गाला शिकवलंत. आम्ही दाराबाहेर उभे असतो, ऐकू येतं." ती भांडत नव्हती. वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं सांगत होती. "आमच्या शाळेत पण असंच आहे. पलीकडच्या खोलीत वेगळं पुस्तक असतं. आम्हाला कुणी नाही म्हणत नाही. फक्त देत नाहीत."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण त्या अकरा वर्षांच्या पोरीपुढे एकही सुचली नाही. खडू उचलला आणि औटकीला हात घातला. त्या दिवशी जी औटकी झाली तिच्यापुढे पहिली काहीच नव्हती. आधीच्या वेळी विमानं नुसत्या घिरट्या घालत होती, या वेळी ती परत ज्या गावाहून आली तिथं गेली असावीत.

चार वाजल्यावर मी आपण होऊन टेबलं आवरायला लागलो. प्रेसिडेंटबाई दुसऱ्या बाजूनं आल्या. एका टेबलाचे दोन पाय त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. मी काय केलं होतं ते त्यांना सांगून टाकलं. वाटलं रागावतील. त्या इतक्या हसल्या की टेबल खाली ठेवावं लागलं.

"एवढंच समजावून सांगायला मला तीनशे पानं लागली हो, मास्तर! आणि तुम्ही अर्ध्या तासात प्रयोग करून दाखवलात. तुम्हाला माझ्या विद्यापीठात नोकरी देऊ का?"

"मुळीच नको."

"बरं, एक सांगा. तुमच्या त्या मामांकडे पाढे शिकायला कोण कोण असायचं?"

"आम्ही भाचे. शेजारच्या दोन अडतींची मुलं."

"आणि गुळाची ती पोती, ढेपा, जे काही असतं, ते वाहून आणणाऱ्यांची मुलं?"

मी थोडा वेळ आठवतोय असं दाखवलं. आठवायला काही नव्हतं. "ती नव्हती," मी म्हणालो.

"अच्छा. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट बिघडला होता का?"

मी घाईघाईनं टेबलाचा पाय दुमडला, त्यात माझं बोट सापडलं आणि मी औटकीच्या वरच्या पट्टीत ओरडलो. त्यांनी स्वयंपाकघरातून बर्फ आणून माझ्या बोटावर धरला. इतक्या मायेनं मला आजवर कुणी निरुत्तर केलेलं नाही.

पण खोड ती खोड. दोन रविवारांनी मुलं औटकीही घडाघडा म्हणायला लागली, तेव्हा मी परत त्यांच्याजवळ सरकलो. "मॅडम, आता कळलं मला यांना इतक्या लवकर कसं येतं ते. ताल! तुमच्या लोकांच्या रक्तातच गाणं आहे."

त्यांनी हात धरून मला वरच्या मजल्यावर नेलं. तिथं चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख बाई वह्या लावत होत्या. "यांना सांगा," प्रेसिडेंटबाई म्हणाल्या, "मी गायकवृंदात आहे त्या दिवसापासून तुम्ही मला काय सांगत आलात."

त्या बाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "फक्त ओठ हलव, राणी. आवाज काढू नकोस."

शेवटी संक्रांत आली. हॉलमध्ये सगळं मंडळ, काळ्या साड्या, झब्बे, आणि चर्चची मंडळीही झाडून आलेली. बायकोनं आणि तिच्या मैत्रिणींनी तिळगुळाचे चारशे लाडू केले होते. त्यातले काही इतके टणक झाले होते की ते वाटताना माणसं हात थोडा मागे घेत होती. परीक्षक म्हणून नागपूरच्या डॉक्टरमावशी बसल्या. मावशी निवृत्त भूलतज्ज्ञ. रुग्णाला एक ते दहा मोजायला लावून तिनावरच झोपवायचं, असं चाळीस वर्षं केलेली बाई. त्यांच्याशी गणितात लबाडी करायची कुणाची छाती नाही.

नियम सोपा. प्रत्येक मुलाला एक प्रश्न, मावशींच्या पाच टाळ्यांच्या आत उत्तर, बरोबर उत्तराला एक गुण. एकदा आमचं मूल, एकदा त्यांचं. मला मधे टेबलामागे खुर्ची दिली होती, दोन्ही संघांचा गुरू म्हणून. म्हणजे लग्नात नवऱ्याचा बाप आणि नवरीचा बाप एकाच माणसाला केल्यासारखं.

आमच्या मुलांनी सुरुवात झोकात केली. मग सव्वाच्या घरात एक पडला, पाऊणच्या घरात दुसरी. त्यांचेही दोन घसरले. आईबाप पुढं सरकून बसले. नऊ-नऊ प्रश्न झाले तेव्हा दोन्हीकडे सात-सात गुण होते आणि अध्यक्षांनी, मी साक्षीला उभा राहीन, कानातले दोन्ही इअरबड काढले होते.

आमचा दहावा गडी म्हणजे अध्यक्षांचाच मुलगा. मावशींनी विचारलं, "औट सत्ते?"

"ट्वेंटी फोर... समथिंग."

"समथिंग किती?"

टाळ्या संपल्या. "रक्ताला विचार ना रे!" मागून कुणाच्या तरी आजोबांनी आवाज दिला, आणि माझी बायको ज्या रांगेत बसली होती ती सगळी रांग हसली.

आता त्यांची शेवटची. चष्मेवाली. ती चुकली असती तर बरोबरी होऊन मी सुटलो असतो. लेख वाचला असता, इज्जत वाचली असती.

"औट नवे?" मावशींनी विचारलं आणि पहिली टाळी दिली.

दुसरी टाळी. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि माझा उजवा हात, मी सांगितलेलं नसताना, टेबलाखाली माझ्याच मांडीवर थापा मारायला लागला. वर्गात मारतो तशा. औट एके औट, औट दुणे सात...

"मास्तर, हात टेबलावर ठेवा," मावशी म्हणाल्या. "दोन्ही."

मी हात वर ठेवले. तिसरी टाळी. चूक, असं माझ्यातल्या लेखकानं म्हणायला हवं होतं. पण तो कुठं गेला होता कुणास ठाऊक. माझ्या मनात एकच गोष्ट घोकली जात होती: येतं तुला, येतं तुला, येतं तुला.

तिनं चष्मा वर ढकलला, माझ्यावरची नजर काढून घेतली आणि छताकडे बघत स्वतःशीच इंग्रजीत बोलायला लागली. "दहा वेळा औट पस्तीस. त्यातून एक औट काढला..." चौथी टाळी. मग माइककडे वळून, खणखणीत मराठीत: "साडेएकतीस!"

मी जो ओरडलो! खुर्ची मागे पडली, मावशींच्या हातातले कागद उडाले, आणि चर्चच्या घंटेला, ती वर मनोऱ्यात असूनही, घुमारा आला. मी दोन्ही हात वर करून स्टेजभर नाचत होतो. या मुलीनं माझा पाढा नुसता घोकला नव्हता, तो उलट्या बाजूनं सोडवला होता, आणि असा शिष्य मामाच्या सगळ्या अडतीत कधी निघाला नव्हता!

"काका," अध्यक्षांचा आवाज आला, "तुम्ही नक्की कुठल्या टीमचे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हरलोय.

माइक माझ्या हातात दिला गेला. मी घसा खाकरला आणि आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. म्हटलं, मित्रहो, विज्ञानाच्या इतिहासात मोठमोठ्या सिद्धान्तांना वेळोवेळी किरकोळ दुरुस्त्या...

"किरकोळ नाही!" पहिल्या रांगेतून प्रेसिडेंटबाई ओरडल्या. मी मराठीत बोलत होतो. त्यांना काय कळलं होतं देव जाणे, पण त्यांच्या शेजारी माझी बायको बसली होती आणि ती कानात भाषांतर करत होती.

मग मी सरळ बोललो. आधी मराठीत, मग इंग्रजीत. म्हणालो, गणित आपल्या रक्तात नाही. ते माझ्या मामाच्या अडतीवर होतं, आणि तिथं मला बसू दिलं म्हणून मला मिळालं. माझ्याबरोबरच्या पुष्कळ मुलांना तिथं कुणी बसू दिलं नाही. या हॉलमध्ये मीही एका रविवारी तेच करायला निघालो होतो, आणि एका मुलीनं मला पकडलं. लेख मागे घेतो. सातही पानं, आकृतीसकट.

एवढं साधं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. लोकांना कळेना टाळ्या वाजवाव्या की नाही. बायकोनं पहिली वाजवली. तिला वेळ बरोबर कळली होती, लिहून न ठेवता. मग सगळा हॉल उठला. काहींना मला चार शब्द ऐकवायचे होते असं चेहऱ्यावरून दिसत होतं, पण तोंडात तो टणक लाडू होता आणि दिवस गोड बोलायचा.

जिना चढताना अध्यक्षांनी मला गाठलं. "पण काका, मग आता आमच्या मुलांचं काय? रक्तात नाही तर करायचं काय?"

"रोज अर्धा तास सराव."

त्यांचा चेहरा असा उतरला, की त्यांना खरंच घरातून काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं असावं.

त्या मुलीला शाळेनं पुढं वरच्या वर्गात घेतलं. त्याचं श्रेय मात्र मी लाटणार नाही, हात पोचत असला तरी. तिची आजी शाळेत गेली आणि प्रेसिडेंटबाईंनी पढवून दिलेला एकच प्रश्न तिनं सगळ्यांना विचारला: "यादी कुणी केली, ते मला दाखवा." चार खुर्च्यांवरून तो प्रश्न फिरला आणि पाचव्या खुर्चीनं वर्ग बदलून दिला.

पुढच्या रविवारी मी तीन वाजता हॉलमध्ये गेलो तर पहिला वर्ग, दुसरा वर्ग, असं काही उरलंच नव्हतं. सगळी पोरं एकदमच आली होती. भावंडं घेऊन, मावसभावंडं घेऊन. मी मोजली तेव्हा चाळीस होती, तुम्हाला सांगताना शंभर सांगेन. अध्यक्षांचा मुलगा आणि चष्मेवाली एका बाकावर बसून पावणेचारच्या पाढ्यावरून हमरीतुमरीवर आले होते. खुर्च्या संपल्या म्हणून आईबाप उभे, आणि उभं राहून फोन बघता येत नाही म्हणून तेही म्हणायला लागले.

तेवढ्यात टेबलं आवरून प्रेसिडेंटबाई आल्या आणि बालवाडीच्या एका इवल्याशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या. आता समोर विद्यार्थी बसला आहे म्हटल्यावर मास्तर थोडाच सोडणार? मी खडू त्यांच्याकडे रोखला.

"दीड नवे?"

त्यांनी छताकडे पाहिलं. शेजारी पाहिलं. विद्यापीठाची प्रेसिडेंट, तीनशे पानांचा प्रबंध, हायवेवर गॅरेजएवढा चेहरा.

"चौदा?" त्या म्हणाल्या.

चाळीस पोरं एका आवाजात अशी काही "साडेतेरा!" म्हणून किंचाळली, की त्या खुर्चीवरून खाली बसल्या, तिथंच जमिनीवर हसत राहिल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा विचारा, मास्तर. पहिल्यापासून विचारा."